डाव्या हाताची भिंत

पोहायला मी बायकोकडून शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत अजून कुणाला ते पटत नाही. मी सोलापुरात कारखान्याच्या खडखडाटात वाढलेला. तिसरीतून शाळा सुटली आणि टॉवेलच्या लूमवर उभा राहिलो. पाणी म्हणजे मला नळाचं माहीत, तेही बारी लावून. ती मैंदर्गीकडची. घरात कानडी बोलायची, आणि भावांच्या बरोबरीनं विहिरीत उड्या मारत मोठी झालेली.

लग्नानंतर सासऱ्यांनी अक्कलकोट रस्त्याला गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर केला. त्यात दगडी बांधणीची गोल विहीर. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं तेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधला आणि मला पायऱ्यांवरून खाली नेलं. तिचा धाकटा भाऊ कठड्यावर बसून दात काढत होता.

"दाजी, डबा जपा हां. तुमी बुडाला तर चालंल, डबा आईचा हाय."

मला लई राग आला. डबा तिथंच सोडून टाकला आणि पाण्यात पडलो. दोन गटांगळ्या खाल्ल्यावर तिनं मला केसाला धरून वर काढलं. मग म्हणाली, भिंत डाव्या हाताला ठेवायची. दम लागला की हात लांब करायचा, दगड हाताला लागतो. भ्यायचं काही नाही. ती पुढं पोहायची आणि मागं वळून म्हणायची, "बर्री, बर्री." या, या. मी भिंतीच्या कडेकडेनं तिच्या मागं गोल फिरायचो.

असं आम्ही म्हातारे होईपर्यंत फिरलो. रोज नाही, पण सुट्टीच्या दिवशी आणि उन्हाळ्यात हमखास. नंतर तिला साडी सांभाळून पायऱ्या उतरणं जमेना, तेव्हा ती वर बसायची आणि मी एकटा फिरायचो. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मी रोज सकाळी विहिरीवर जायला लागलो.

मुलाला ते बघवेना. आमचा एकुलता एक मुलगा, एका कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. पाण्याला तो लहानपणापासून भितो. त्याच्या आईनं त्याला शिकवायला लई खटपट केली, पण हा पायरीवर बसून भोकाड पसरायचा. आता विहिरीच्या चारी बाजूंनी प्लॉट पडून घरं झालीत. तिथली माणसं त्याच्याकडं येऊन सांगायची की पोरंबाळं पडतील, विहीर बुजवा. आणि त्याला स्वतःला माझी धास्ती.

एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "अप्पा, एखाद्या दिवशी तुम्ही वर आलाच नाही तर मी काय करू? मला पोहता येत नाही. मी वरनं नुसतं बघत बसू काय?"

"बघू नको. ऑफिसला जा."

"मी बुजवणार ती विहीर."

"हात लावून बघ."

सून भाकरी वाढता वाढता थांबली. ती म्हणाली, "जेवा की आधी. भाकरी गार होईल, विहीर कुठं पळून जात नाही."

मुलाच्या ऑफिसातली काही पोरं सकाळी सायकली घेऊन हिंडतात. त्यांच्याकडून त्याला कळलं होतं की हिप्परग्याच्या तलावावर एक स्पर्धा आहे. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात. ट्रायथलॉन म्हणतात, त्यातली ही छोटी. छोटी म्हणजे काय, पाऊण किलोमीटर पाणी, वीस किलोमीटर सायकल आणि वर पाच किलोमीटर पळणं. तो म्हणाला, "तिथं होड्या असतात, डॉक्टर असतो. ती स्पर्धा तुम्ही सगळी स्वतःच्या जोरावर पुरी केलीत, तर विहिरीचं नाव काढणार नाही. नाही झाली तर बुजवायची. बोला."

त्याला वाटलं असेल, म्हातारा नाही म्हणेल. मी म्हटलं, "लिव माझं नाव."

त्यानं मला मनपाच्या पोहण्याच्या तलावात सराव करायला सांगितलं. सरळ पट्ट्यात पोहायची सवय होईल म्हणाला. त्या औषधाच्या निळ्या पाण्यात मी जाणार नाही म्हणालो. एवढी वर्षं पोहतोय, मला काय सवय लावतो? विहिरीतच फेऱ्या वाढवल्या. सायकलचं भय नव्हतं. कारखान्यातले टॉवेलचे गठ्ठे मी निम्मं आयुष्य सायकलवरून पोचवलेत.

स्पर्धेच्या दिवशी थंडी होती. तलावावर धुकं नव्हतं, पण पाण्याकडं बघूनच अंगावर काटा येत होता. मी लंगोट लावून उभा राहिलो तर तिथला एक पोरगा धावत आला.

"आजोबा, चड्डी लागेल. नियम आहे."

"आत लंगोट हाय की."

"वरून चड्डी घाला. लेडीज पण आहेत."

मुलाची बर्म्युडा घातली. घोट्याला एक पट्टा बांधला, त्यात वेळ मोजायचं काहीतरी होतं. डोक्यावर पिवळी टोपी. समोर पाण्यात लांब लांब भगवे फुगे तरंगत होते. ते डाव्या हाताला ठेवून वळसा घालून परत यायचं. डाव्या हाताला, हे ऐकून मला बरं वाटलं. मुलगा काठावर उभा होता. शिट्टी व्हायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "अप्पा, होडी धरून दम खाल्ला तर चालतं. फक्त होडीनं पुढं न्यायचं नाही." मी मान हलवली.

आधी सगळ्यांच्या लाथा बसल्या. मग गर्दी पुढं गेली आणि पाणी मोकळं झालं. मी माझ्या चालीनं चाललो होतो. दम शाबूत, हातपाय शाबूत. मनात म्हटलं, हे तर काहीच नाही. तेवढ्यात मागून हाक आली. होडीवाला ओरडत होता. तिथलाच मासे धरणारा माणूस, त्या दिवसापुरतं नारिंगी जाकीट घातलेला.

"ओ आजोबा, तिकडं कुटं निघाला?"

"फुग्याकडं."

"फुगा मागं ऱ्हायला की! ह्या अंगाला या!"

वर मान काढून बघितलं तर खरंच, फुगा पार डाव्या अंगाला मागं. मी तलावाच्या मधोमध निघालो होतो. वळलो. नीट फुग्यावर नजर ठेवून निघालो. मान खाली घातली, हात मारत राहिलो, आणि पुन्हा हाक. पुन्हा उजवीकडं गेलेलो.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला सरळ पोहताच येत नव्हतं. आयुष्यभर भिंत डाव्या हाताला ठेवून गोल फिरलो, तर अंगाला तेच वळण पडलेलं. मला वाटायचं सरळ जातोय, आणि अंग आपलं उजवीकडं वळत राहायचं. तलावात कडा कुठली? दम लागला म्हणून डावा हात लांब केला. नुसतं पाणी. आणखी लांब केला. पाणीच. तिनं सांगितलेलं मी एवढं अंगात मुरवलं होतं की हात सारखा दगड शोधत होता.

ती गेल्यावर मी रडलो नव्हतो. लोक येत होते, बसत होते, मी चहा सांगत होतो. त्या पाण्यात मात्र मला पहिल्यांदा कळलं की ती नाही. रडलो की नाही ते सांगता येत नाही, तोंड पाण्यातच होतं.

तिसऱ्या वेळेला होडी शेजारीच आली.

"धरा आजोबा, दम खावा."

"धरत नाही."

"नियमात बसतंय ओ. धरा."

"नको म्हटलं ना."

"बुडाल अशानं!"

"मग बुडतो. तू जा."

"असं कसं जातो? तुमचा पोरगा काठावर छाती बडवायलाय. मला हितं रोज मासे धरायचेत, माणसं काढायची न्हायती." असं म्हणून त्यानं वाकून माझ्या बगलेत हात घातला. माझ्या हातात जोर उरला नव्हता, नाहीतर मी त्याला पाण्यात ओढला असता. त्यानं मला उचलून होडीत घेतलं आणि काठाला आणलं.

तिथल्या बाईंनी घोट्याचा पट्टा सोडून घेतला. गोड बोलल्या. "आजोबा, वेळ धरता येणार नाही, पण तुम्हाला आनंदासाठी पुढं जायचं असेल तर जा." आनंदासाठी! मुलानं टॉवेल अंगावर टाकला. "चला अप्पा, घरी चला."

मी सायकलकडं गेलो. माझी जुनी काळी चोवीस इंची. बाकीच्यांच्या सायकली काटक्यांसारख्या, त्यांना ना घंटी ना कॅरिअर. माझ्या पुढं एक जाड पोरगा हाफत चालला होता. त्याला मी घंटी वाजवून मागं टाकलं. तो म्हणाला, "आजोबा, ट्रॅक्टर आणायचा राहिला की!" मी मागं बघितलं नाही. पळताना निम्मं पळालो, निम्मं चाललो. सगळे घरी निघायच्या बेतात असताना मी शेवटच्या कमानीत शिरलो.

आणि तिथं लाउडस्पीकर सुरू झाला. सर्वांत ज्येष्ठ, तरुणांना लाजवणारे, असलं काय काय. गळ्यात पदक घातलं, हार घातला, फोटो काढले. होडीचं कुणी बोललं नाही. मला त्या हाराची शरम वाटली. मुलगा गर्दीतून आला आणि लहानपणी पायरीवर रडायचा तसा रडला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "अप्पा, विहीर राहू दे. तुम्ही जिंकलात."

"पाण्यातनं मी बाहेर कसा आलो?"

तो पदकाची फीत गुंडाळायला लागला.

"सांग की."

"होडीतनं. पण त्यानं तुम्हाला उचललं, तुम्ही कुठं…"

"आलो होडीतनं. तू काय म्हणाला होतास? सगळी, स्वतःच्या जोरावर."

"अट मी घातली होती. मीच मोडतो."

"अट दोघांची होती. तू एकटा कसा मोडतोस?"

सून मध्ये पडली. "अप्पा, तो देतोय तर घ्या की. आईंची विहीर आहे ती."

तिच्या विहिरीसाठीच तर उतरलो होतो. ती मला दया म्हणून मिळावी? दुसऱ्यानं सोडून दिलेली वस्तू मी आजवर घेतली नाही, कारखान्यात नाही, कुठंच नाही. ती असती तर कानडीत दोन शिव्या घालून मला गप्प बसवलं असतं. पण ती नव्हती, आणि बाकी कुणाचं मी ऐकत नाही.

मुलानं चालढकल केली. आज सांगतो, उद्या सांगतो. शेवटी मीच मुरमाचे ट्रॅक्टर ठरवले. आधी सुनेनं विहिरीतल्या आसरांची, पाण्यातल्या देवींची, ओटी भरली, हिरवा खण आणि नारळ पाण्यात सोडला. मी कठड्यावर बसलो होतो. मुलगा मागं उभा होता, तो म्हणाला, "अप्पा, शेवटचं उतरायचं असेल तर उतरा. मी थांबतो." मी नको म्हटलं.

पहिली ट्रॉली उलटली. मला वाटलं होतं, पाणी खाली गाडलं जाईल. तसं होत नाही. खाली मुरूम पडत गेला तसं पाणी वर यायला लागलं. एक पायरी बुडाली, मग दुसरी. जन्मभर मी पायऱ्या उतरून पाण्याकडं जायचो, त्या दिवशी पाणी पायऱ्या चढून माझ्याकडं येत होतं. तांबडं, गढूळ, वर खणाचा हिरवा तुकडा फिरत होता. दुपारपर्यंत ते कठड्याला लागलं आणि सांडून माझ्या पायाखाली आलं. मी पाय काढले नाहीत.

ट्रॅक्टरवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि इंजिन बंद केलं. सगळे मी काहीतरी म्हणायची वाट बघत होते.

मी म्हटलं, "टाक की. थांबलास कशाला?"