शून्य टक्के ओलावा

आमच्या साहेबाला कागदाचं वजन कळतं, कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही. परभणीत एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं सहा जणांचं ऑफिस. धान्याच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. ओलावा मोजायचं यंत्र, वजनकाटा, जे असेल ते कॉम्प्युटरला जोडून द्यायचं. प्रत्येक यंत्रासाठी एक छोटा जोड-प्रोग्राम लागतो, त्याला आम्ही प्लगइन म्हणतो. त्यातला निम्म्याहून जास्त मजकूर दर वेळी तोच. तो परत परत टाइप करायचा मला भयंकर कंटाळा.

म्हणून मी एक जनरेटर लिहिला, म्हणजे प्रोग्राम लिहून देणारा प्रोग्राम. यंत्राला काय काय विचारता येतं आणि उत्तर कोणत्या रूपात येतं, याची यादी असलेली एक इंटरफेस फाइल असते. ती त्याला दिली की चहा येईपर्यंत प्लगइनचा सांगाडा तयार, सोबत मॅन्युअलही. यंत्राशी खरोखर बोलायची जागा तेवढी रिकामी सुटायची, ती माणसानं भरायची. पण भरेपर्यंत उत्तर काय द्यायचं? एरर दिली असती तर डेमोत स्क्रीन लाल झाली असती आणि साहेबानं ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. मी लिहून टाकलं: उत्तर शून्य, काम यशस्वी. वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

मॅन्युअलचं तर विचारूच नका! ‘ओलावा तपासा: हे ओलावा तपासते. उत्तर: ओलावा.’ असली तीनशे पानं. साहेबानं स्पायरल बायंडिंग करून आणलं, हातावर तोललं आणि म्हणाला, “लय भारी! गिऱ्हाईक गपगार.” वाचलं कोणीच नाही. त्यानं नाही, मीही नाही. वाचण्यासारखं होतं काय त्यात, डोंबल!

पेडगावात माझ्या काकूनं स्वतःसकट बारा घरच्या बायकांचा गट जमवला होता. पेरणीचं सोयाबीन बाजारातून आणायचं नाही, घरचंच बियाणं एका गोदामात राखायचं. बायका तयार झाल्या त्या काकूच्या शब्दावर. यंत्र आमच्या ऑफिसनं बसवलं आणि मिरवायला मी गेले. ओलावा बारा टक्क्यांच्या आत असला की स्क्रीनवर आकडा नाही, नुसती हिरवी खूण यायची. अकरा घरच्या पोत्यांतला नमुना टाकला, अकराही वेळा हिरवी.

काकूनं एक दाणा दाताखाली धरला. आमच्याकडं सोयाबीन असंच बघतात, कट्ट करून फुटला तर वाळलेला. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “वल्लं हाय गं. दाताखाली दबायलंय. अजून दोन उन्हं देऊ.”

मी हसले. चक्क हसले. “काकू, दातानं तपासायचे दिवस गेले. यंत्र काय खोटं बोलतंय?”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग वळून बायकांना मोठ्यानं म्हणाली, “पुतणी म्हनायलीय तर ठिवा. माझं पोतं मी उद्या आनते.”

पेरणी तोंडावर आली तेव्हा तिचा फोन आला. “ये एकदा,” एवढंच. मी गेले तर ओसरीवर बायका बसलेल्या आणि पुढं ओल्या गोणपाटाच्या अकरा गुंडाळ्या. प्रत्येकीत शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत, उगवण बघायला ठेवलेले. काकूनं एकेक उलगडली. एखाद्या ओळीत दोन कोंब, एखाद्या ओळीत तेही नाहीत. बाकी दाणे बुळबुळीत झालेले, आंबट वास मारत होते.

मी तिथंच लॅपटॉप उघडला. त्या यंत्राच्या प्लगइनमधली रिकामी जागा कोणी भरलीच नव्हती. यंत्राला कोणी काही विचारत नव्हतं आणि माझं शून्य बाराच्या आतच बसत होतं.

एकीनं विचारलं, “त्या जाड्या बुकात लिव्हलं असंल की, यंत्र चुकलं तर कसं वळखायचं?”

मी पान काढून वाचलं. “हे ओलावा तपासते. उत्तर: ओलावा.”

“म्हंजी?”

म्हणजे काहीच नाही, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. साहेबाला फोन लावला. तो म्हणाला, “मॅन्युअल दिलंय ना? मग झालं तर. ग्राहकाने स्वतः खात्री करावी, अशी एक ओळ जनरेटरमध्ये टाक, सगळ्याच मॅन्युअलांत येईल.” थू त्याच्या! आणि ती ओळ नेमकी कुठं टाकायची हे माझ्या डोक्यात लगेच आलं, त्याची मला जास्त किळस आली.

बायका उठून गेल्या. काकूनं माजघरातून बारावी गुंडाळी आणली आणि माझ्यापुढं उलगडली. ओळीच्या ओळी कोंब, पांढरे, टचटचीत.

“ह्ये आपलं. म्या घरी दोन उन्हं दिली. गोदामात नेलंच न्हाई.”

“मग बाकीच्यांना का नाही सांगितलं?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तू येवढी शिकल्याली. चारचौघीत तुझी इज्जत घालवू?” तिनं गोणपाट परत गुंडाळायला घेतलं. “आता आपलं पोतं अकरा घरी वाटावं म्हनते. पन वाटाया गेले की त्या इचारतील, तुझंच कसं उगवलं? मग काय सांगू, सांग.”

मी गोणपाटाचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ते गुंडाळलं.