ट्रंकेवरची पांढरी अक्षरं

या वेळच्या पोस्टमध्ये एकही फोटो नाही आणि ज्या गावाला गेले त्याचं नावही नाही. का, ते वाचलंत की कळेल.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी साताऱ्यात एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि रविवारी कॅमेरा घेऊन भटकते. माझे विषय साधेच. स्टँडवरचा चहावाला, भाजीबाजार, दोरीवर वाळणारे कपडे. दोन महिन्यांपूर्वी कराडच्या रेल्वे स्टेशनवर असाच एक फोटो काढला. सुट्टी संपवून ड्युटीवर निघालेला जवान, समोर त्याची काळी लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. अक्षर न् अक्षर असं स्वच्छ आलं होतं की मी स्वतःवरच खूश झाले. जरा कापून नीट केला, ‘निरोप’ असं नाव दिलं आणि ब्लॉगवर टाकला.

पाचव्या दिवशी एका निवृत्त सुभेदारांचा मेसेज आला. ‘ताई, ट्रंकेवरचं सगळं वाचता येतंय. असलं नेटवर टाकत नसतात. पोराला त्रास होईल. आधी काढा.’ मी लगेच काढला. पण तोवर तो व्हॉट्सॲपवर फिरायला लागला होता, मलाच दोन ग्रुपवर परत आला. आमच्या जिल्ह्यात घराघरात फौजी आणि मला एवढं सुचू नये?

तेव्हापासून शाळेत दाखले लिहितानाही डोक्यात तेच. त्या पोराचं काय झालं असेल? फोन नंबर घेतला नव्हता. स्टेशनवर त्याच्या वडिलांनी गावाचं नाव तेवढं सांगितलं होतं, ‘पाण्याच्या टाकीपाशी घर हाय, फोटू घिऊन या.’ शेवटी गेल्या शनिवारी रजा टाकली, फोटोची मोठी प्रत पाकिटात घातली आणि निघाले. कुलूप लावलं का ते बघायला दोनदा जिना चढले, हे माझं नेहमीचंच.

त्या भागात जायचं असेल तर सकाळी साडेसहाची एसटी बरी. बायकांना अर्धं तिकीट. उंब्रजपर्यंत खिडकीतून ऊसच ऊस. एरवी मी तिथे कॅमेरा काढते, या वेळी पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही. कराडला गाडी बदलली. कडेगाव मागे पडलं की हवा कोरडी होते, रस्ता मात्र मस्त आहे. विट्याच्या स्टँडवर वडापाव घेतला. गरम होता, मिरची झणझणीत होती, तरी निम्मा कागदात गुंडाळून ठेवला.

पुढे एसटी क्वचित. वडापची, म्हणजे शेअर जीप भरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा, मला पाऊण तास लागला. शेजारच्या मावशींनी विचारलं, “कुणाकडं जायाचं?”

“टाकीपाशी फौजी राहतात ना, त्यांच्याकडे.”

“त्येचा फोटू आलता की मोबाईलवर! लय झ्याक पोरगं.”

पुढून ड्रायव्हर म्हणाला, “आवं मावशी, त्या फोटूपायीच कायतरी झेंगाट झालंय म्हणं त्येच्या मागं.”

मी पुढे वाकले. हळूच विचारलं, “काय झालं?”

“काय म्हाईत न्हाई बा. आमी ऐकलं तेवढं.”

वाटलं, इथेच उतरावं आणि मागच्या गाडीनं परत जावं. खरंच वाटलं. पण जीप डाळिंबाच्या बागांमधून जात राहिली आणि मी बसून राहिले.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात चार शेळ्या, पलीकडे पाईपलाईनचं पाणी सुटलेलं. वडिलांनी मला ओळखलं आणि खुर्ची दिली. मी न बसताच सगळं सांगून टाकलं. फोटो मीच टाकला होता, चूक माझी आहे, त्याला काही झालं का?

ते म्हणाले, “सायबानं बोलावलं व्हतं. लय झापलं. नोकरीला काय न्हाई. पर दिवाळीची सुट्टी गेली. आता उन्हाळ्यात म्हणं.”

मी खुर्चीवर बसले, डोळे पुसले. पोराच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. “आवं ताई, रडू नगासा. तुमी मुद्दाम केलं व्हय? आमीच त्यो चार ठिकाणी पाठवला.”

मग म्हणाल्या, “फोटू आणलाय न्हवं? बगू.”

पाकिटातून काढून दिला. त्यांनी पदरानं हात पुसले आणि बराच वेळ बघितला. बोट ट्रंकेच्या कडेवर ठेवलं. तिथे एक हात होता, मनगटावर हिरव्या बांगड्या.

“ह्यो माजा हात. मोबाईलवर बी म्या बांगड्यांवरनं वळखला. पर बाई, मी कुटं गेले?”

काय सांगणार? की तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत होतात, फोटो ठरवून काढल्यासारखा दिसत होता, म्हणून मी तुम्हाला कापलं? “तुम्ही आहात, वहिनी. माझ्या घरी, मूळ फोटोत आहात,” एवढंच बोलले. त्यांनी भाकरी, शेंगांची चटणी आणि ताक वाढलं. या वेळी ताटात काही टाकलं नाही. परतीची शेवटची जीप चारला असते, तेवढं लक्षात ठेवा.

घरी आल्यावर पिशवीसुद्धा न ठेवता मूळ फोटो उघडला. वहिनी पोराला खेटून उभ्या होत्या, एक हात ट्रंकेवर, आणि सरळ माझ्याकडे बघत होत्या. किती दिवस मी त्या ट्रंकेच्या अक्षरांवर खूश होते! आता कापायला बसले ते दुसऱ्या बाजूनं. ट्रंक गेली. नाव, नंबर, युनिट, सगळं गेलं. त्यांचा हात तेवढा मनगटाशी तुटला, त्याला इलाज नव्हता. बाकी त्या पूर्ण आहेत, पोराशेजारी.

सोमवारी रजिस्टर पोस्टानं एकच प्रत पाठवली. तो फोटो इथे येणार नाही. दिवाळीच्या आत पोचला म्हणजे झालं.