डावा गुडघा

परवा ओमानमधल्या निझव्याच्या बाजारात एका दुकानात निलगिरी तेलाचा वास आला आणि दहाएक वर्षांपूर्वीची सोहार शहरातली एक संध्याकाळ आठवली. मी तिथल्या एका फुटबॉल क्लबात खेळाडूंना मालिश करायचो. आमचा बचावपटू अमेरिकन होता, चौतिशीतला, चार देशांत खेळून आलेला. त्याचा डावा गुडघा पार गेला होता आणि हे फक्त मला माहीत होतं. "कोचला सांगू नकोस, एवढा एकच सीझन," असं तो म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती. त्या संध्याकाळी सराव चालू होता आणि त्याच्या जागेसाठी आलेला नवा खेळाडू मैदानाबाहेर बूट बांधत बसला होता. कोचने मला बाजूला घेतलं. "त्याला काय झालंय ते खरं सांग, नाहीतर तुझा व्हिसा खलास." मी म्हणालो, "डावा गुडघा." त्याने लगेच आमच्या सगळ्यात वेगवान स्ट्रायकरला हाक मारली, "यल्ला, चल, अमेरिकनच्या डावीकडूनच जा!" स्ट्रायकर गेला, सात-आठ वेळा गेला. त्या दमट उकाड्यात अमेरिकन दर वेळी वळायचा आणि कोसळायचा, आणि कडेला बसलेले सगळे हसायचे. शेवटी त्याला उठताच येईना, तेव्हा कोचने शिट्टी वाजवून नव्याला आत बोलावलं. मी अमेरिकनला धरून धरून आत आणलं, टेबलावर झोपवलं. माझा हात घट्ट पकडून तो म्हणाला, "इथे तू एकटाच माझा. तू सांगितलं नाहीस." मी "नाही" म्हणालो आणि गुडघ्यावर बर्फ ठेवला. आजही कुणी मला भरवशाचा माणूस म्हटलं की मी घाईघाईने दुसरा विषय काढतो.