विहिरी मोजणाऱ्या मामांचा अर्ज

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. केज तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात भूजलावर संशोधन चाले. म्हणजे प्रयोगशाळेतले मामा दर सोमवारी सायकलवरून पार युसूफ वडगावपर्यंतच्या विहिरी मोजत आणि आम्ही प्राध्यापक त्या आकड्यांवर निबंध लिहीत. तेव्हा एका परदेशी विद्यापीठाशी कर्मचाऱ्यांच्या देवाणघेवाणीसाठी अनुदान निघालं. तीन महिने आमचा एक माणूस तिकडे, तीन महिने त्यांचा इकडे. अर्ज मी भरत होतो. प्रयोगशाळेतले कर्मचारीही चालतील, असं नियमात होतं. मी मामांचं नाव लिहिलं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष साखर कारखान्याचेही अध्यक्ष होते. सहीसाठी गेलो तर म्हणाले, "मामा इमानात बसनार, आन् मी काय हार घिऊन हुबा ऱ्हाऊ?"

"साहेब, संशोधन करणारा माणूस मागितलाय."

"मग कॉलेजातल्या बोअरचं उद्घाटन कुनी केलं?"

अशा पेचावर सहकारात जुना उपाय आहे : कुणालाच नाही म्हणायचं नाही. संचालकांनी दोन्ही नावं सर्वानुमते मंजूर केली. जागा मात्र एकच होती. मामांचं जाणं आता तिकडच्यांच्या हातात गेलं.

आपलं काम ज्यानं त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. अध्यक्षांनी दीड पान नुसती आपली पदं लिहिली. संशोधनापर्यंत पोचायला कागद पुरला नाही. मामांनी लिहिलं : "सोमवारी विहिरी मोजतो. पाणी नसलं तर कोरडी लिहितो. अंदाजानं लिहीत नाही."

"मामा, थोडं वाढवा की."

"कावून? येवढंच तर करतो, सर."

मी त्याचं इंग्रजी केलं, एक शब्दही न फुगवता. माझ्या नोकरीत असं फार वेळा घडलं नाही.

हिवाळा सरताना पत्र आलं. मामा निवडले गेले होते. सत्कारात अध्यक्ष म्हणाले, तरुणांना संधी मिळावी म्हणून मी माघार घेतली. मामा त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे होते.

परळीला गाडीवर सोडायला मीच गेलो. मागं विहिरी मोजायचं मी कबूल केलं होतं. मामांनी पिशवीतून गाठी मारलेला दोर काढून माझ्या हातात दिला.

"भिजला की ईतभर आखडतो. तेवढं वजा करा."

"इतक्या वर्षांत हे सांगितलं नाहीत?"

"इचारलं न्हाई कुनी. मीच वजा करून लिवीत होतो."

सोमवारपासून मी फिरू लागलो. उन्हाळा असा होता की वजा करायची वेळ क्वचितच आली. युसूफ वडगावला विहिरीपाशी एक म्हातारे बसले होते.

"मामा न्हाई आले?"

"परदेशी गेलेत."

"आसं? बसा मग. त्ये आमच्याकडं च्या घिऊन जातेत."

मी बसलो.