मग म्हणजे मुलगा

"हे कुठं जाऊन राहिलंय?" स्क्रीनवरच्या प्रत्येक लिंकवर बोट ठेवून सर विचारायचे. आधी उत्तर द्यायचं, नंतरच क्लिक.

नांदेडला आम्ही काही जण कन्नड-मराठी शब्दकोश इंटरनेटवर आणत होतो. एकेक शब्द खुल्या विश्वकोशाला, चित्रांच्या आणि आवाजांच्या खुल्या संग्रहांना जोडायचा. सर मूळचे उदगीरकडचे, निवृत्त शिक्षक, घरात कन्नड. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, कुठून नेणार ते विचारूनच रिक्षात बसणारा.

एकदा कन्नड 'बेवु'समोर आम्ही 'लिंब' लिहिलं. संगणकानं सरबताचं पिवळं लिंबू दाखवलं. आमच्याकडं लिंब म्हणजे कडुलिंब. सर गंभीरपणे म्हणाले, "ह्याला लिंबाची काडी द्या चावायला. कळंल."

मग 'मग' हा शब्द आला. मराठीत मग म्हणजे नंतर, कन्नडात मुलगा. संगणकानं अक्षरं जुळवून तो एका जुन्या ध्वनिमुद्रणाला जोडला होता. कुणा परदेशी अभ्यासकानं फार पूर्वी सीमेवरच्या गावांत टिपलेलं. खाली नोंद होती : 'स्त्री, नाव अज्ञात.'

"हे कुठं जाऊन राहिलंय?"

"माहीत नाही सर. ऐकू."

एक बाई भाकरी कशी थापायची ते सांगत होती. मध्येच थांबून तिनं कुणाला तरी हाक मारली, "पुट्ट्या! मगा, बा इल्ली!" बाळा, इकडं ये.

सर खुर्चीतून ताडकन उठले. "आलो," म्हणाले.

आम्ही हसलो. त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबलो. ओठ पांढरे पडले होते. टेबलाचा आधार घेत ते म्हणाले, "पुट्ट्या मी हाय. आई हाय ही माझी."

सर लहान असतानाच आई गेली होती. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांना दिसलाच नाही.

सर आता नाहीत. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच आठवड्यात. खात्री करायला उदगीरहून थोरल्या बहिणीला, अक्कांना घेऊन आले होते. अक्का स्पीकरला कान लावून बसल्या. हाक आली तशी त्यांनी सरांचं मनगट घट्ट धरलं.

"हाव. आईच." अक्कांनी आईचं नाव सांगितलं. 'अज्ञात' खोडून ते लिहावं म्हणून मी तिथंच संग्रहाला मेल पाठवला.

"आणि खोकला ऐकलास का रे?" अक्का म्हणाल्या. "त्यातच गेली ती. तू लई बारका होतास."

आम्ही कितीदा तरी ऐकलं होतं. खोकला कुणालाच ऐकू आला नव्हता. सरांनाही नाही.

"पुन्हा लावू का?" मी विचारलं.

"नको," सर म्हणाले. "तिला बोलताना तरास होऊन राहिलाय."

आणि त्यांनी लॅपटॉप हलकेच मिटला.