तिघांतली एक

मुलांनो, तुम्हांला देवनागरी वाचता येत नाही. आई वाचून दाखवील. परवा थोरली फोनवर म्हणाली, "आजी, मीही केस स्टडी करणार. लोकांशी बोलायचं, एवढंच ना?" म्हणून आज लिहायला बसले. हे घरातच ठेवा.

निवृत्तीनंतर मी पीएच.डी.च्या संशोधनासाठी इथल्या तमिळ मुलखातल्या पापनाशमजवळचा एक कारखाना निवडला. तिथं भात वाळवायची यंत्रं होतात. तो एका परदेशी कंपनीनं विकत घेतला होता. तिकडचं ज्ञान इकडं कसं येतं आणि इकडचं तिकडं जातं का, हा माझा प्रश्न. तिथले इंजिनियर तिघं. त्यांतली एक आपल्याच मराठी गल्लीतली. तिची मुलाखत घरच्या मराठीत झाली.

"अक्का, ह्याला आपली मराठी कळते का? तमिळच येत असेल बिचाऱ्याला," रेकॉर्डरकडं बोट दाखवून ती हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "त्यांच्या पुस्तकाप्रमाणं आपलं पावसात कापलेलं ओलं कुरुवै भात वाळवलं तर दाणा फुटतो. आम्ही हवेच्या झडपा बदलल्या. पण तें कागदावर घालत नाही. घातलं, तर यंत्र दुसऱ्या देशात होईल आणि इथं कुलूप."

मला हवं असलेलं उत्तर तेच होतं. नाव गाळून मी ते मसुद्यात घातलं. आमच्या पद्धतीत मसुदा आधी कंपनीला दाखवावा लागतो. पाठवण्यापूर्वी शेवटचा वाचताना मी तिच्या वाक्यापाशी थांबले. बाकीच्या दोघांनी कंपनीच्या साहेबांसमोरच सांगितलं होतं, सगळं कागदावर आहे. मग उरलं कोण?

तेवढ्यात कंपनीतून फोन आला. "मॅडम, मुलाखती छान झाल्या म्हणे. आमचे लोक मोकळेपणानं बोलले ना?" आवाज गोड होता. मी "हो" म्हटलं आणि पाणी प्यायले.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिनं ऐकून घेतलं, दार लोटलं.

"काढा, अक्का. तुम्हांला डॉक्टर व्हायचंय, मला इथंच राहायचंय."

मी तो भाग काढला, रेकॉर्डिंगही पुसलं. परीक्षक म्हणाले, यात नवीन काही नाही.

कारखान्याची बस रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबते. ती दिसली नाही, की मनात येतं, कुणाला कळलं असेल का?

कारखाना चालू आहे. आज ती बसमध्ये चढली.