ज्याचं खाणं त्याच्या पाठीवर

रोज सकाळी कंडक्टरबाई चार मजले कठडा न धरता उतरत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कशाचा आधार घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. चालत्या बसमध्ये उभ्यानं आयुष्य काढलेली बाई जिन्याला काय भीक घालणार!

पण कवळी बसली आणि घरातलं सगळं खाणं मऊ झालं. भात गिच्च, सफरचंद उकडलेलं. मुलाचं औषधांचं दुकान होतं. त्याला आईत आधी पेशंट दिसायचा.

बाईंनी डोंगरातल्या आठवडाभराच्या पायी सफरीत नाव घातलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. सफरीचा नियम एकच होता, ज्याचं खाणं त्याच्या पाठीवर. पायथ्याची चढण पिशवीसकट जमली तर पुढे, नाहीतर घरी.

मुलानं तोड काढली. दुकानातल्या शक्तिवर्धक पावडरींच्या कागदी पुड्या बांधून आणल्या.

"सकाळी एक, रात्री एक. गरम पाण्यात ढवळायची. चावायचं नाही, वजन नाही."

"मी डोंगरावर चाललेय की वॉर्डात?"

"हट्ट नको गं आई. हे नेणार असशील तरच जा."

बाईंनी पुड्या उचलून ठेवल्या. संध्याकाळी त्यांनी सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि टेबलावर तीन वाट्या मांडल्या. प्रत्येकीत एक पुडी, वर गरम पाणी.

"अहो आई, जेवण?"

"हेच. डॉक्टरसाहेबांचा हुकूम."

मुलानं डोळे मिटून वाटी संपवली. थोड्या वेळानं तो पावाच्या डब्यात हात घालताना सापडला.

"अहो, पुढचा डोस सकाळी आहे ना?" सून हसू दाबत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाजारातून बदाम, शेंगदाणे, कडक टोस्ट आणि खारका आणल्या. मुलासमोर बसून एक खारीक तोंडात टाकली. कवळी कटकन वाजली. मुलगा अर्धवट उठला. बाईंनी अंगठ्यानं कवळी जागेवर दाबली आणि खारीक सावकाश चावून संपवली.

पिशवी मात्र जड झाली. रस्त्यापासून घरापर्यंत चढून बघायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या छातीचा भाता झाला. त्या पायरीवर बसल्या.

"बघितलंस?" मागून मुलगा म्हणाला. "काढ ते टोस्ट आणि बदाम."

बाईंनी पिशवी उघडली. तळाशी हात घातला, तर वाफेचं यंत्र लागलं. मग शेकायची रबरी पिशवी, मानेची उशी, बीपीचं मशीन. मुलानं गुपचूप कोंबलेलं सगळं त्यांनी एकेक करून त्याच्याच हातात दिलं. खाण्याला बोटही लावलं नाही. उरलेला मजला त्या चढल्या, तेव्हा मागून धापा टाकत येत होता तो मुलगा.

निघायच्या सकाळी मुलगा पायथ्यापर्यंत सोडायला आला. तिथे सफरीच्या म्होरक्यानं पिशवी उचलून पाहिली. "काकू, थोडं माझ्याकडे द्या."

"तुमचं तुम्ही सांभाळा."

बाई चढू लागल्या. दोनदा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा खाली मुलगा पुढे धावला, पण त्या वळल्या नाहीत. पट्टे घट्ट केले आणि निघाल्या. चढणीच्या माथ्यावर पोचल्यावर त्यांनी पाठीवरची पिशवी न काढताच खाली पाहिलं. तो अजून उभाच.

"आई, बरी आहेस ना?"

"जा आता," त्या ओरडल्या, "दुकान उघडायला उशीर होतोय."